एका हाताचा खेळ

माझ्या गाडीच्या डिकीत अजून चिंचोके निघतात. परवा पंक्चर झालं म्हणून पाना शोधत होतो, तर पान्याच्या आधी मूठभर चिंचोके हाताला लागले. मधोमध फोडलेले, एका बाजूनं पांढरे. खोडाळ्याच्या रस्त्यावर भर उन्हात उभा राहून मी मोरघाबाईंच्या नावानं जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंची बदली होऊन वर्ष उलटलं, पण त्यांचा पसारा आहे तो माझ्याकडंच आहे.

इंदू मोरघा. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आमची शाळा आहे, दोन शिक्षकांची. त्यातल्या एक बाई, एक मी. बाई वयानं मोठ्या म्हणून मुख्याध्यापिका. आता दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापकाचं काम ते काय, तर कागद रंगवायचे. तेही बाईंनी माझ्या गळ्यात घातलेलं. मोखाड्याला पंचायत समितीत माहिती द्यायची, मी जायचं. पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घ्यायचा, मी. बाईंना एकच उद्योग, खेळ बनवणं. गणिताचा खेळ, वाचनाचा खेळ, कशाकशाचे खेळ. बरं, बनवायचे तर स्वतः बनवावेत की नाही? पण बाईंना सरळ रेघ मारता यायची नाही, आणि माझा हात चित्रकलेला बरा आहे. हाच माझा गुन्हा.

बाई बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. उभ्या राहिल्या की डावी कंबर बाहेर काढून, डावा हात कोपरात वाकवून उभ्या राहायच्या, कडेवर पोर असल्यासारख्या. राष्ट्रगीताला सगळी शाळा सावधानमध्ये आणि बाईंची कंबर आपली बाहेर. एकदा केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, जरा सरळ उभं राहा की." बाई म्हणाल्या, "ही सरळच आहे साहेब. पाच भावंडं वाढलीत हिच्यावर."

त्यांची रीत अशी होती. शुक्रवारी मला सांगायचं, "सर, एवढं काढून द्या." मी शनिवार-रविवार घालवून कार्डशीटवर चौकोन आखायचे, प्राणी काढायचे, रंग भरायचे, मोखाड्याला जाऊन पदरच्या पैशानं लॅमिनेशन करून आणायचं. सोमवारी बाई तो पट मुलांपुढं टाकायच्या, एक वाक्य बोलायच्या आणि दाराशी जाऊन पाठ फिरवून उभ्या राहायच्या, जसं काही समोरचा डोंगर त्यांनी कधी पाहिलाच नाही. मागून एखाद्या पोरानं विचारलं, "बाई, आता काय करायचा?" की संपलं. बाई यायच्या, पट उचलायच्या आणि फाडायच्या. लॅमिनेशन हातानं फाटत नाही, म्हणून त्यांनी टेबलाच्या खणात खास कात्री ठेवली होती.

"अहो, समजावून सांगा ना त्यांना! लगेच फाडताय काय?"

"मला बोलायला लागलं म्हणजे खेळ मेला, सर. तिथं भट्टीवर सांगायला कोण आहे?"

हे भट्टीचं सांगायला हवं. आमच्या पाड्यावर भात निघालं, नागली खळ्यावर आली, दिवाळी झाली की खालून ट्रक येतात. भिवंडीकडं, वसईकडं वीटभट्ट्यांवर घरंच्या घरं जातात ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. जी पोरं मागं ठेवता येतात त्यांची इथं सोय होते. मुलगा असला तर आईबाप ठेवतातही, पण आठ-नऊ वर्षांची मुलगी ठेवत नाहीत. आई विटा थापणार, मग धाकट्याला कोण धरणार? म्हणून मुलगी जाते, आणि बाईंचे सगळे खेळ होते ते या मुलीसाठी.

मी एकदा वैतागून म्हणालो होतो, "बाई, जरा मोठा विचार करा. अख्ख्या जिल्ह्याला चालेल असा एक खेळ करा, नाव होईल शाळेचं."

"मला अख्ख्या जिल्ह्यातली पोरं ठाऊक नाहीत. मला सखू ठाऊक आहे."

सखू म्हणजे आमच्या पाड्यावरच्या काशिनाथची थोरली, चौथीतली. अंगानं काडी, डोळे मात्र टपोरे, आणि कडेवर कायम बाल्या, तिचा दीड वर्षाचा भाऊ. अंगणवाडी ओढ्याच्या पलीकडच्या पाड्यावर, आणि तिथंही एवढं लहान पोर घेत नाहीत. म्हणून बाल्या आमच्या चौथीत बसायचा. सखू हुशार होती. पण तिचं एकच रडगाणं, हातच्याची वजाबाकी. दर वर्षी दिवाळीपर्यंत तिला ती यायला लागायची, आणि भट्टीवरून परत आली की पाटी कोरी. तेवीसमधून सात काढायला सांगितले की तीनमधून सात जात नाहीत म्हणून मुकाट बसून राहायची.

त्या वर्षी जूनमध्ये काशिनाथ शाळेच्या पायरीवर येऊन बसला. माणूस भांडकुदळ नाही, उलट फार सरळ.

"बाई, तुमी वरसाला भरता, न वरसाला सांडून जातं. पोरीला पन लाज वाटं. अवंदा जाईल ती जाईल. पुडल्या टायमाला येल न त्याच वजाबाकीला अडली, त मंग शाला बंद. घरी ऱ्हाईल बाल्याला धरून."

मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "ठरलं. आणि नाही अडली तर?"

"त मंग तुमी सांगाल तवर शिकंल."

काशिनाथ गेल्यावर मी बाईंवर ताड्‌ताड् बोललो. "ठरलं काय ठरलं? असं पोरीचं शिक्षण पैजेवर लावतात का? सक्तीचं शिक्षण आहे, कायदा आहे!"

"कायदा भट्टीवर येतो का, सर?" बाईंनी चष्मा पुसला. "तुमच्याकडं जाड कार्डशीट आहे का अजून?"

मी हात टेकले.

तिथून दिवाळीपर्यंत बाईंनी माझ्या नाकी नऊ आणले. वजाबाकीचा खेळ हवा, आणि तो सखूला भट्टीवर कुणी न सांगता खेळता यायला हवा. मी सापशिडीसारखा सुंदर पट काढला, जोडीला आकड्यांचे पत्ते केले, तर बाईंनी शाळेतली पाच किलोची तांदळाची पिशवी आणून माझ्या डाव्या कडेवर दिली. "आता खेळा."

"म्हणजे?"

"तिच्या कडेवर बाल्या असतो ना? मग तुमच्याही असू दे. टाका फासा. पत्ते धरा. आता एका हातानं पत्ता काढून तोच पत्ता वाचा बघू."

माझ्या हातून पत्ते सांडले. पिशवी घसरली. बाईंनी पट उचलला आणि कात्री काढली. माझे दोन रविवार त्यात गेले होते हो! मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलो नाही.

पत्ते गेले, मग फासा गेला, कारण भट्टीवरच्या मातीत तो हरवणार. मग चिंचोके आले. फोडलेले चार चिंचोके एका हातानं उधळायचे, जेवढे पांढरे पडतील तेवढी घरं पुढं जायचं आणि तेवढेच चिंचोके कमवायचे. दहा झाले की ते परत ढिगात टाकून एक दगड घ्यायचा, म्हणजे दगड दहाचा. इथवर मला पटलं होतं. वजाबाकीसाठी बाईंनी मधल्या एका घरात वाघ काढायला लावला. वाघाच्या घरात आलात तर तीन घरं मागं. मीही हौसेनं वाघ काढला, पिवळाजर्द, मिशा फेंदारलेला.

सोमवारी बाई एक वाक्य बोलून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पोरं खेळायला लागली. थोड्या वेळानं पाहतो तर खेळ ठप्प. सगळ्यांचे चिंचोके संपलेले आणि वाघाच्या घरात हा ढीग! कुणी मागं जाईना की पुढं. मी ओरडलो, "अरे, वाघावर आला तर तीन घरं मागं जायचं! सांगितलंय ना?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मग सखू हळूच म्हणाली, "सर, वाघोबाला कायतरी देव्हं लागतं. तसाच कसा जायचा? रागवंल ना."

आमच्या पाड्याच्या वाटेवर वाघोबाचं लाकडी ठाणं आहे. शेंदूर फासलेला, वर सूर्य-चंद्र कोरलेले. रोज शाळेत येताना पोरं तिथं पान नाहीतर फूल ठेवून येतात. मग खेळातल्या वाघोबाला रिकाम्या हातानं ओलांडायचं कसं? समोरून जाणारा प्रत्येक जण चिंचोका ठेवून पुढं जात होता. जाताना ठेवत होता, येताना ठेवत होता. नियमाचं कपाळ!

मी पट गुंडाळायला घेतला. आता कात्री बाहेर येणार हे ठरलेलंच. पण बाई दारातून धावत आल्या, मुलांमध्ये मांडी घालून बसल्या आणि डोळे बारीक करून त्या ढिगाकडं बघत राहिल्या. सखूपुढं तेव्हा दोन दगड होते आणि सुटा चिंचोका एकही नव्हता.

"सखे, तू आलीस वाघोबापाशी. काय देशील?"

"चिंचोका नाय माझ्याकडं."

"मग?"

सखूनं आपल्या दोन दगडांकडं पाहिलं. मग एक दगड उचलून ढिगात टाकला, दहा चिंचोके मोजून घेतले, त्यातला एक वाघोबापुढं ठेवला. उरलेले नऊ स्वतःपुढं ओढले. कडेवरच्या बाल्याला सावरत, एका हातानं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. हातच्याची वजाबाकी झाली होती, आणि कुणीही काही शिकवलं नव्हतं. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण त्या आनंदात बाई म्हणाल्या, "सर, एक काम करा. पट नकोच. जमिनीवर गोल काढू, मधल्याच्या पुढं वाघोबा. वाघोबाला सात द्यायचे. एक फार सोपं होतंय." आणि माझा वाघ, फेंदारलेल्या मिशांचा, लॅमिनेशन केलेला, कात्रीनं चार तुकडे होऊन केराच्या टोपलीत गेला. सुंभ जळेल पण पीळ जाईल तर शपथ!

एवढ्यानं संपलं असतं तर बरं झालं असतं. जव्हारला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन लागलं. शाळेशाळेतून साहित्य येणार, वरून अधिकारी येणार. मी बाईंना न सांगता प्लायवूडवर तैलरंगात तोच खेळ रंगवला. कडेला नक्षी, मध्ये वाघोबाचं ठाणं, सूर्य-चंद्रासकट. बाईंना तो दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे." एवढंच. आम्ही तो जीपच्या टपावर बांधून नेला. सभागृहात पोचलो, आमचं टेबल मिळालं, मी टपावरचा पट उतरवायला बाहेर गेलो, तर जीप निघून गेलेली. बाईंनीच जीपवाल्याला सांगितलेलं, "जा तू, आमचं काही राहिलं नाही."

आत येऊन पाहतो तर बाईंनी टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि सभागृहाच्या स्वच्छ फरशीवर विटेच्या तुकड्यानं गोल काढत होत्या. सभागृहाचा शिपाई हातात फडकं घेऊन त्यांच्या डोक्यावर उभा. शेजारच्या टेबलावर दिवे लागणारी सूर्यमाला फिरत होती. त्याच्या पलीकडं टॅबवरचा खेळ होता. मॉलमध्ये जाऊन सामान भरायचं आणि बेरीज करायची. आमच्याकडं काय, तर फरशीवर गोल आणि कागदाच्या पुडीत चिंचोके.

साहेब आले. "साहित्य कुठंय?"

"हेच," बाई म्हणाल्या, "पण असं नाही कळायचं. जरा हिला घ्या." आणि प्रेक्षकांतल्या कुठल्याशा बाईचं पोर त्यांनी साहेबांच्या डाव्या कडेवर दिलं. "आता खेळा साहेब, एका हातानं."

साहेब खेळले म्हणता का? त्या पोरीनं पहिल्यांदा साहेबांचा चष्मा ओढला, मग भोकाड पसरलं. साहेबांनी पोर परत दिलं, हसले, आणि "कल्पना चांगली आहे, पण मांडणीकडं लक्ष द्या," म्हणून सूर्यमालेकडं वळले. बक्षीस सूर्यमालेला. परतीच्या एसटीत मी बाईंकडं पाठ करून बसलो. बाई खिडकीशी बसून आपल्याच तंद्रीत. शेवटी घाटात त्या म्हणाल्या, "पाहिलंत ना, त्या पोरीनं चिंचोका तोंडात घातला. मी काढला म्हणून बरं. बाल्या गिळेल हो एखाद दिवस. चिंचोके नकोत."

"मग काय हवं?"

"विटेचे तुकडे. तोंडात मावणार नाहीत असे. तिथं भट्टीवर पायलीनं आहेत. एक अंग कोळशानं काळं केलं की झालं."

म्हणजे मी घरोघर हिंडून गोळा केलेले पोतंभर चिंचोकेही गेले. माझा तो प्लायवूडचा पट पुढं खोडाळ्याच्या बाजारात भजीवाल्याच्या गाडीवर आडोशाला लावलेला दिसला. जीपवाल्यानंच दिला असणार. मी भजी घेतली नाहीत.

दिवाळीनंतर ट्रक आला. भांडीकुंडी, कोंबड्या, नागलीची पोती, माणसं, सगळं त्यात चढलं. सखू बाल्याला घेऊन मागच्या फळीशी उभी. बाईंनी तिला सामान असं काहीच दिलं नाही. नुसतं विचारलं, "ध्यानात आहे?" सखू म्हणाली, "वाघोबाला सात." ट्रक गेला. वर्गात बोटांवर मोजण्याइतकी पोरं उरली. बाई ती कंबर बाहेर काढून बराच वेळ रस्त्यावर उभ्या होत्या. मला त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही आला, कारण मीही आता जूनची वाट बघायला लागलो होतो.

मे महिन्यात बाईंच्या बदलीचा आदेश आला, खाली समुद्राकडच्या शाळेत. शाळा सुरू होण्याच्या दिवशी त्या चार्ज द्यायला आल्या. जीप बाहेर थांबलेली, ड्रायव्हर घाई करतोय, आणि बाई चार्ज द्यायचा सोडून अंगणात विटेच्या तुकड्यानं गोल काढतायत! "बाई, सह्या करा आधी," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं तर ना.

काशिनाथ आला. मागं सखू, उन्हानं काळी पडलेली, हाताची बोटं भेगाळलेली. बाल्या आता अंगानं भरला होता. तिच्या कडेवरून पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. काशिनाथनं रामराम केला आणि पायरीवर बसला. "इचारा," म्हणाला.

बाईंनी विचारलं नाही काहीच. दाराशी गेल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. समोर तोच डोंगर.

सखूनं गोलांकडं पाहिलं, पायानं दोन पुसले आणि पुढं आणखी काढत नेले. "हे नाय, बाई. आमी तकडं लांबचा खेलायचो." भट्टीवरच्या पोरांनी खेळ बदलला होता. दोन ठिकाणी वाघोबा, एकाला सात, दुसऱ्याला नऊ. तिनं पदरातल्यासारखे फ्रॉकच्या ओच्यातून तुकडे काढले, म्हणजे ती येताना ते घेऊनच आली होती. माझ्याशी खेळायला बसली. एका हातानं उधळत होती, त्याच हातानं मोजत होती. तिच्यापुढं तीन दगड आणि दोन तुकडे झाले आणि ती वाघोबापाशी आली. मी पाटी पुढं सरकवली. काशिनाथ मान लांब करून बघायला लागला, त्याला वाचता येत नाही तरी. सखूनं न थांबता एक दगड फोडला, सात वाघोबाला दिले आणि पाटीवर लिहिलं, पंचवीस. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, तुमचं वाघोबाचं ऱ्हायलं. तुमी तसंच पुडं आलं."

खरंच राहिलं होतं. मी मुकाट सात तुकडे मोजून दिले.

बाई वळल्या. त्यांना एक शब्दही बोलावा लागला नव्हता. चष्म्याच्या आत काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही, मुद्दामच.

काशिनाथ मात्र पायरीवर तसाच बसून. जमिनीकडं बघत म्हणाला, "बोललो ता बोललो. शिकू द्या तिला. पन बाई, आता पाचवी. खालच्या शालेला रोज चालत जाव्हं लागंल. बाल्याला कोन धरंल? आमी लावनीला जानार."

माझं डोकंच फिरलं. अरे, वर्षभर आम्ही दोघांनी जिवाचं रान केलं, वजाबाकी आली, आणि आता हे? सखूनं विटेचे तुकडे ओच्यात भरायला घेतले. इतक्या समजूतदारपणे भरत होती ती, मला बघवेना.

बाई पुढं आल्या. त्यांनी बाल्याला सखूच्या कडेवरून उचललं आणि स्वतःच्या त्या डाव्या कंबरेवर बसवलं. तो असा बसला, जशी ती जागा त्याच्याचसाठी केलेली. "बाल्या इथं बसेल, पहिलीत. सर आहेत."

"मी?" मी उडालोच. "बाई, मी एकटा, चार वर्ग, नवीन शिक्षक यायचाय..."

"कंबर बाहेर काढा सर. अजून. हात असा वाकवा." आणि बाल्या माझ्या कडेवर आला. बाईंनी माझं कोपर दाबून नीट केलं, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, जसा मी काढलेला पट त्या बघायच्या. मग चार्जच्या कागदांवर माझ्या टेबलाशी वाकून भराभर सह्या केल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. कात्री काही त्यांनी काढली नाही.

जीप वाघोबाच्या ठाण्यापाशी थांबली. बाई उतरल्या, वाकून काहीतरी ठेवलं, आणि पुन्हा चढताना क्षणभर रस्त्यावर उभ्या राहिल्या. कंबर बाहेर, हात वाकलेला, कडेवर कुणी नाही. मला हात हलवून निरोप द्यायचा होता, पण माझ्या एका हातात खडू होता आणि दुसऱ्यावर बाल्या. सखू शेजारी उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले आणि हलवले.